निळी ट्यूब पेटते, पण माश्या येत नाहीत

प्रश्न : नौपाड्यात आमचं मिठाई-फरसाणचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी काउंटरच्या वर, दाराकडे तोंड करून जाळीचं फ्लाय कॅचर लावलं. दोन्ही ट्यूब छान निळ्या पेटतात, जाळीही तडतडते. पण यंदाच्या पावसाळ्यात माश्या जेमतेम मरताहेत. मशीन बिघडलं का? आणि हा उजेड डोळ्यांना घातक असतो का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मशीन ठीक आहे, ट्यूब संपल्या आहेत. तुम्हाला दिसणाऱ्या निळ्या उजेडाला माशी येत नाही. ती येते सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांकडे, आणि ते आपल्याला दिसत नाहीत. ट्यूबमधली पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण सोडते. काचेला आतून दिलेला पावडरचा थर ते शोषून ३६५च्या आसपासचे किरण बाहेर टाकतो. हा थर हळूहळू मंदावतो. निळा उजेड मात्र तसाच राहतो, म्हणून फसगत होते. चोवीस तास चालणारी ट्यूब वर्षातून एकदा, पेटत असली तरी, बदलायचीच. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात बदललेली उत्तम. टोपणाजवळ मार्करने तारीख लिहून ठेवा.

नवी घेताना जुनी सोबत न्या. लांबी आणि वॅट जुळले पाहिजेत, नाहीतर चोक जुळत नाही. ट्यूबवर ‘बीएल’ (ब्लॅकलाइट, म्हणजे अतिनील किरणांची ट्यूब) आणि ३६५ किंवा ३६८ हा आकडा पाहा. शोभेची निळी ट्यूब निरुपयोगी. जंतुनाशक २५४ नॅनोमीटरची ट्यूब तर चुकूनही नको, तिने डोळे आणि त्वचा भाजतात. डोळ्यांचा खरा धोका तिथे आहे. फ्लाय कॅचरच्या योग्य ट्यूबचा दुकानातल्या अंतरावरून त्रास होत नाही. फक्त जवळून टक लावून पाहू नये.

जागा मात्र आजच बदला. विजेच्या जाळीवर माशी फुटते आणि तिचे तुकडे उडतात. खाली उघडे पेढे असतील तर यापेक्षा माशी परवडली! मशीन उघड्या पदार्थांपासून पाच-सहा फूट तरी बाजूला हवं. मिठाई वळतात तिथे चिकट बोर्डाचंच घ्या. दाराकडे तोंड केलं की रस्त्यावरच्या माश्या आत बोलावल्या जातात, आणि दिवसाच्या उन्हापुढे ट्यूब फिकी पडते. आतल्या भिंतीवर, पाच-सहा फूट उंचीवर लावा आणि रात्री दुकान बंद झाल्यावरही चालू ठेवा. अंधारात दुसरा उजेड नसतो, तेव्हा आत अडकलेल्या माश्या तिकडेच जातात. पंधरा वॅटच्या दोन ट्यूबना दिवसाला साधारण एक युनिट लागतं.

साफ करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. जाळीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि तो काही वेळ साठून राहतो. थोडं थांबून कोरड्या ब्रशने झाडा. ट्रे रोज रिकामा करा, साचलेल्या मेलेल्या माश्यांवर दुसरे किडे पोसले जातात. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती फोडू नका, वेगळी गुंडाळून द्या.

प्रश्न : कोपरखैरण्यात तळमजल्यावर राहतो. डासांसाठी हेच मशीन घ्यावं का?

उत्तर : नको. चावणारी मादी आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास यांच्या मागावर येते. ट्रेमध्ये सापडतात ते बहुतेक पतंग आणि चिलटं. ते पैसे खिडक्यांच्या जाळीवर घाला. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली आणि फ्रिजच्या मागचा ट्रे दर आठवड्याला रिकामा करून घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.