पद मॅनेजरचं, काम डिझाइनचं : कॅनडाच्या फाइलमध्ये काय लिहू?

प्रश्न : चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत ७ वर्षं आहे, कॅनडात कायम राहायला तिथल्या एक्स्प्रेस एंट्री योजनेतून फाइल लावायचीय. पद डेप्युटी मॅनेजर पण काम सगळं पार्ट डिझाइनचं, हाताखाली कुणी नाही. एजंट म्हणतो मॅनेजरच दाखवा, वजन पडतं. आणि एचआर म्हणतात कामाचं वर्णन लिहून द्यायची पॉलिसी नाही, साधं एक्सपिरियन्स सर्टिफिकेट घ्या. काय करू? – एक वाचक, चिंचवड

उत्तर : अहो, अजिबात मॅनेजर दाखवू नका. आपल्याकडे पगार वाढवायचा नसला की पद वाढवून देतात, तिथल्या ऑफिसरला त्याच्याशी घेणंदेणं नाही, तो बघतो की निवडलेल्या एनओसी कोडमधली (एनओसी म्हणजे कॅनडाची व्यवसायांची सरकारी यादी, आपलं ना-हरकत पत्र नव्हे) मुख्य कामं तुम्ही खरंच करता का. इंजिनिअरिंग मॅनेजरचा कोड २००१०, तिथे डिपार्टमेंट चालवलेलं दिसायला लागतं, तुमचं वर्णन ऐकून मेकॅनिकल इंजिनिअर २१३०१ बसतोय. आणि अनुभवाचे पॉइंट वर्षांवर मिळतात, मॅनेजर म्हणून जादा काही नाही.

कंपनीचं अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, सहीनिशी हवं, त्यात कंपनीचा पत्ता-फोन, पदं आणि तारखा, वार्षिक पगार आणि इतर बेनिफिट्स, आठवड्याचे तास (हे हमखास राहून जातं, आणि ३० तासांना फुलटाइम धरतात) आणि कामं. कामं एनओसीच्या साइटवरून जशीच्या तशी उचलू नका, लगेच कळतं. तुमच्या भाषेत लिहा, म्हणजे ब्रॅकेट टेस्टिंगला का तुटला ते शोधलं, जाडी बदलून नवं ड्रॉइंग रिलीज केलं, असं.

एचआर देतायत ते सर्टिफिकेट घ्याच, पण कामाचं वर्णन देणार नाही हे त्यांच्याकडून ईमेलवर घ्या, फोनवरच्या नकाराचा उपयोग शून्य. मग थेट बॉसकडून सगळी कामं लिहिलेलं नोटराइज्ड अ‍ॅफिडेव्हिट, तो कधीपासून तुमचा बॉस आहे तेही त्यात येऊ द्या. सोबत अपॉइंटमेंट आणि प्रमोशन लेटर, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, आणि पूर्ण पत्र का नाही याचं एक पानी स्पष्टीकरण. एजंट घरी लेटरहेड छापून देतो म्हणाला तर तिथूनच उठा, खोटी माहिती सापडली की ५ वर्षांची बंदी बसते.

कॅनडाकडून अर्जाचं इन्व्हिटेशन आल्यावर सगळ्या कागदांसह अर्ज भरायला ६० दिवसच मिळतात, त्यामुळे बॉस नोकरी बदलायच्या आत त्याच्याकडे विषय काढा.