वाचक विचारतात : गायकवाडांचे किताब

प्रश्न : बडोद्याच्या गायकवाडांच्या नावापुढे ‘सेनाखासखेल शमशेर बहादर’ असे लिहितात. हे दोन्ही किताब एकाच वेळी मिळाले का?

उत्तर : नाही, आणि मिळण्याची कारणेही वेगळी. 1720 मध्ये बाळापूरच्या लढाईत निजामाचा जय झाला, पण हरलेल्या बाजूकडून लढणाऱ्या दमाजी गायकवाडांनी शर्थ केली. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या शिफारशीवरून शाहू महाराजांनी त्यांना ‘शमशेर बहादर’ केले. पुढच्याच वर्षी दमाजी वारले आणि किताब पुतणे पिलाजी यांच्याकडे आला.

दुसरा किताब राजकारणातून आला. एप्रिल 1731 मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले. सेनापतिपद यशवंतराव दाभाड्यांना मिळाले, पण ते अल्पवयीन. म्हणून पिलाजींना त्यांचे मुतालिक (म्हणजे त्यांच्या वतीने कारभार पाहणारे) नेमून ‘सेनाखासखेल’ किताब दिला. दाभाड्यांचा जोर ओसरला तसा हा किताबच गुजरातच्या मुलखावरील हक्काची खूण ठरला.

वंशपरंपरागत असला तरी वारसाला तो आपोआप मिळत नसे. मंजुरी आणि नजराणा लागे. 1768 मध्ये पिलाजींचे पुत्र दुसरे दमाजी वारल्यावर त्यांच्या मुलांपैकी गोविंदरावांनी थोरल्या माधवराव पेशव्यांकडून तो मिळवला. एकूण मागणी साडेपन्नास लाखांची; त्यातले 21 लाख किताबाच्या नजराण्याचे, बाकी मुख्यतः दंड आणि खंडणी. तरीही 1771 मध्ये गोविंदरावांचे भाऊ फत्तेसिंग यांनी पुण्याला जाऊन तो दुसरे भाऊ सयाजीराव (पहिले) यांच्या नावे करून घेतला. गायकवाडी कर्जाच्या बऱ्याच धाग्यांचे टोक या भाऊबंदकीत सापडते.

प्रश्न : घरातल्या मोडी पत्रावर चंद्र (म्हणजे चांद्र महिन्याची तारीख) आणि महिना आहे, साल नाही. किताबावरून काळ ठरवता येईल?

उत्तर : ‘या सालाच्या आधीचे नाही’ एवढे ठरवता येईल. सेनाखासखेल असेल तर 1731 नंतरचे. ‘फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ असेल तर 1877 नंतरचे, कारण तो तिसऱ्या सयाजीरावांना त्या वर्षीच्या दिल्ली दरबारात मिळाला. किताब नाही म्हणून पत्र जुने, असे मात्र धरू नका. घरगुती पत्रांत आणि टिपणांत तो गाळला जाई. आधी हातातला कागद अस्सल की नक्कल ते पाहा. नकलेच्या मथळ्यात कारकून आपल्या काळातले किताब घालून मोकळा होई आणि सगळा हिशोब चुके. नुसते ‘शमशेर बहादर’ दिसले तर आडनाव शोधा. बाजीराव-मस्तानींच्या मुलाचे ते नावच होते. पानिपतात जखमी होऊन 1761 मध्ये तो वारला.

प्रश्न : असे किताब आज कायदेशीर आहेत का?

उत्तर : सरकारदरबारी त्यांना मान्यता नाही. संविधानाच्या अनुच्छेद 18 ने राज्यसंस्थेने किताब देणे बंद केले (लष्करी आणि शैक्षणिक सन्मान वगळून) आणि 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपवले. खरेदीखतात, वारसनोंदीत ओळखपत्रावरचे साधे नावच लिहा.