अंगणवाडीसाठी विद्यापीठाचा कोर्स करावा का? आधी एवढं विचारा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पारोळा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहात, बी.ए. झालंय, आणि जळगावला कुणीतरी ‘३ महिन्यांत मॉन्टेसरी टीचर’ करून देतो म्हणतंय. तो कोर्स करावा, बी.एड. करावं, की विद्यापीठाचा डिप्लोमा? मी २७ वर्षं याच कामात काढली, आधी सेविका आणि मग मुख्यसेविका, म्हणजे सेविकांच्या कामावर देखरेख करणारी, म्हणून. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बी.एड. डोक्यातून काढा. आपल्याकडे शिक्षिका व्हायचं म्हणजे बी.एड. असं घरोघरी धरून बसलेत, पण ते मोठ्या वर्गांसाठी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकच्या शिक्षकाला ते चालणार नाही असं सांगितलं, मग ३ वर्षांच्या लेकरांचं काय घेऊन बसलात! अंगणवाडीतल्या मुलांच्या वयोगटासाठी वेगळी पदविका आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत ती बारावीनंतर २ वर्षांची धरली आहे. काम सोडणं जमणार नसेल तर इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) बालसंगोपन आणि शिक्षणाची १ वर्षाची पदविका घरी राहून करता येते. तिला जानेवारी आणि जुलै असे दोनदा प्रवेश असतात. अभ्यासकेंद्र किती लांब आणि पुस्तकं कोणत्या भाषेत, हे पैसे भरण्याआधी विचारा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकेसाठी ६ महिन्यांचा आणि कमी शिकलेलीसाठी १ वर्षाचा कोर्स सांगितलाय, तोही काम सांभाळून करण्याजोगा. तुमच्या बालविकास प्रकल्पात त्याचं काय झालंय ते मुख्यसेविकेला विचारून घ्या.

पण कोर्स कुठलाही असो, पहिला प्रश्न हा विचारा: मी मुलांसोबत किती दिवस असेन आणि मला काम करताना कोण बघेल? माझ्या वेळी आमच्या केंद्रात सराव पाठांच्या वह्यांवर न उघडता सह्या झाल्या. आम्ही ४० जणी पास झालो, पण एकीलाही वर्गात कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे, कारण पुढची ५ वर्षं माझ्या चुका मुलांनी सोसल्या.

एक चूक सांगते. चित्र दाखवलं तेव्हा एक पोरगा उठून म्हणाला, “हाई मनी माय शे.” मी म्हणाले, “‘ही माझी आई आहे’ असं म्हण.” तो बसला. पुढे दिवाळीपर्यंत तो वर्गात बोलला नाही. घरात अहिराणी बोलणारं, किंवा सातपुड्याकडे पावरी, भिली बोलणारं लेकरू आपल्या दारात येतं तेव्हा त्याच्याजवळ शेकड्यांनी शब्द असतात. आपण एका वाक्यात त्याला मुकं करतो. आधी त्याच्याच बोलीत उत्तर द्यायचं, मग सहज प्रमाण मराठीत तेच बोलून दाखवायचं. आखाजीची, म्हणजे आपल्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या सणाची, गाणी तर तयार अभ्यासक्रमच आहेत. कोर्समध्ये घरच्या भाषेवर एक तासही नसेल, तर तो खान्देशात अपुराच पडणार.

‘मॉन्टेसरी’ या शब्दाला भुलू नका. मुलाने साधनं स्वतः हाताळत शिकायचं, अशी ती पद्धत. लाकडी पेट्यांचा महागडा संच विकणं वेगळं आणि ती पद्धत समजणं वेगळं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला तीच पद्धत आदिवासी पाड्यांत आणली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा अंगणात नेली आणि आजूबाजूला सापडेल ते साधन केलं. आपल्याकडे चिंचोके, सरकी, ज्वारीची ताटं, केळीची पानं आहेत. सरकीचे दाणे चिमटीत धरून वाटीत टाकणाऱ्या बोटांना पुढे पेन्सिल धरायला त्रास होत नाही. (सरकी धुऊन, वाळवून घ्या. शेतातली बियाण्याची सरकी औषध लावलेली असते, ती मुलांच्या हाती द्यायचीच नाही.)

आता निरीक्षणाच्या वहीबद्दल. चांगल्या विद्यापीठात निरीक्षण शिकवतात, आणि मला स्वतःला खरं शिक्षण त्यातूनच मिळालं. एक मूल निवडा आणि रोज १० मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. ‘चंचल आहे’ असं लिहू नका. हाताने काय केलं, तोंडाने काय बोललं, एवढंच लिहा. माझ्या वहीत एकदा आलं: १० मिनिटांत तीनदा उठला, तिन्ही वेळा दाराशी गेला. चार दिवस हेच. मग कळलं की कापूस वेचणीला जाणाऱ्या बायकांचा रस्ता दारावरून जातो आणि त्याची आई त्याच वेळी निघते. मी त्याला दाराजवळची जागा दिली, आईला जाताना हात करायला सांगितलं. आठवड्यात पोरगं गोलात बसायला लागलं. त्याच्यावर ‘चंचल’ लिहून ठेवलं असतं तर वर्षभर मी त्याला ओढून बसवत राहिले असते.

प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर १५ दिवसांची अशी वही करा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं मूल निवडू नका, ते मध्येच निघून जाईल. वहीतलं एखादं पान इथे टाका, मुलाचं नाव मात्र घालू नका. मी वाचून लिहीन.