एम.एस्सी. ऑडिओलॉजीआधी (श्रवणशास्त्र) वर्षभर श्रवणयंत्रांच्या दुकानात नोकरी केली, तर तो अनुभव धरतात का?

प्रवेशापुरतं विचाराल तर फारसा धरत नाहीत. म्हैसूरची आयश असो की वांद्र्याची अली यावर जंग, या वाचा-श्रवणाच्या संस्थांत प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि पेपरात बीएएसएलपीचाच, म्हणजे आपल्या पदवीचाच अभ्यास येतो. पण "दुकानातला अनुभव म्हणजे अनुभवच नव्हे" असं तुमचे सर म्हणतात, हे तुमच्या प्रश्नात वाचून राहवलं नाही. मी इचलकरंजीत असं एक वर्ष काढलंय.

आमच्याकडे साउंडप्रूफ खोली नव्हती. मागच्या खोलीला जाड पडदा आणि भिंतीपलीकडे रहदारीचा रस्ता. एकदा साठीचे एक काका आले. सगळी हयात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलेली. कारखान्यात ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा असते, पण लूमच्या शेडमध्ये आवाज सहज त्यावर जातो. ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या स्वराला किती ऐकू येतं याचा आलेख, काढला तर २५० आणि ५०० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना ४५ डेसिबल, ४०००च्या वरच्या स्वराला ७०; आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. त्यावरून यंत्र मीच प्रोग्रॅम केलं आणि बंद डोम (कानात बसणारं, छिद्र नसलेलं रबरी टोपण) घालून दिलं. मालक खूश झाले.

तीन आठवड्यांनी त्यांची बायको एकटीच आली. पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली. आत कापसात गुंडाळलेलं यंत्र, बॅटरीचं दार उघडं. म्हणाली, "घातलं की डोस्क्यात भांडी आपटल्यागत हुतंय म्हणत्यात. सोताच बोललं तरी मडक्यात बोलल्यावानी वाटतंय. तुमी परत घ्या."

मालकांचं म्हणणं, सवय होईल, समजावून पाठव. मला ते मडकं सोडेना. कोल्हापुरात एका रुग्णालयात मैत्रीण होती, तिच्याकडे साउंडप्रूफ खोली होती. रविवारी काकांना घेऊन गेले. तिथे २५०ला २०, ५००ला २०, आणि ४०००ला तेच ७०. म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा तोटा काकांच्या कानात नव्हताच, तो आमच्या रस्त्याचा होता. रहदारीच्या घरघरीत खालचे स्वर बुडतात, वरचे तगून राहतात. मी मात्र तो ऑडिओग्राम खरा मानून खालचा गेन, म्हणजे खालच्या स्वरांचा आवाज, वाढवून ठेवला होता आणि वर कान बंद करून टाकला होता. चांगल्या ऐकू येणाऱ्या कानात बोळा घातल्यावर स्वतःचा आवाज घुमणारच. खालचा गेन काढला, छिद्रांचा ओपन डोम लावला. काका खुर्चीतच बायकोला म्हणाले, "हळू बोल की, कशाला वरडतीस?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, विकलेल्या यंत्रांच्या मागे फिरत बसलीस तर टार्गेट कोण करणार? मी म्हटलं, डबीत पडलेलं यंत्र विकलं गेलं असं मी मानत नाही. तेव्हापासून आमचं बिनसलं ते शेवटपर्यंत.

पुढे एम.एस्सी.ला ऑक्लुजन (बंद कानात स्वतःचा आवाज घुमणं) आणि व्हेंटिंग (त्यासाठी हवेला वाट ठेवणं) शिकवलं तेव्हा वर्गातले बाकीचे आलेख उतरवून घेत होते. मला ती डबी दिसत होती. तुमच्या सरांना हे जरूर सांगा. इंटर्नशिपमध्ये शेकडो पीटीए, म्हणजे ऑडिओग्रामच्या तपासण्या होतात, पण तोच पेशंट महिन्याने परत तुमच्याच समोर येऊन बसेल याची खात्री नसते. माझ्या मते अनुभव तिथे सुरू होतो. दुकान की रुग्णालय हा वाद फुकटचा आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. दुकानात लहान मुलं फार येत नाहीत. बाळ झोपायची वाट बघत बेरा (श्रवणाच्या नसेची तपासणी) करणं, ओएई या बाळांच्या प्राथमिक चाचणीत 'रेफर', म्हणजे पुढे तपासा, असं आल्यावर आईशी काय बोलायचं, हे शिकायचं तर रुग्णालयच गाठा. पीडियाट्रिककडे, म्हणजे लहान मुलांच्या कामाकडे ओढा असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी हातात आल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नका. पगार बेताचाच असतो, आणि नोकरीत अभ्यास मागे पडतो. माझा पडला होता. घरची ओढाताण असेल किंवा परीक्षेची तयारी आत्ता जोरात असेल, तर सरळ परीक्षा द्या.

आणि दुकानच धरायचं ठरलं, तर पगाराआधी मालकांना विचारा: महिन्याभराने पेशंट यंत्र घेऊन परत आला, तर मला त्याच्यासाठी तासभर मिळेल का? मी हे विचारलं नोकरी सोडायच्या दिवशी. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा, आणि नाही म्हणाले तर तिथे रुजूच होऊ नका.