‘आम्हीच त्याले मारी टाकं, असं व्हई ना?’

अमळनेर तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. घरचा कुत्रा शेरू, वय 14. मागचे पाय लुळे, किडन्या निकामी होत आलेल्या, एका अंगावर पडून पडून मांडीला जखम झालेली. डॉक्टरांनी इंजेक्शनने शांतपणे निरोप द्यायचं सुचवलं आणि घरात दोन तट पडले. आजी म्हणाली, मुक्या जिवाचं पाप लागेल. कर्ता मुलगा समुपदेशनाला आला तो हाच प्रश्न घेऊन: “ताई, आम्हीच त्याले मारी टाकं, असं व्हई ना?”

नाही, भाऊ. शेरूला आजार नेतोय. किडनीचा आजार शेवटाला आला की उलट्या, तोंडात फोड, कधी झटके येतात. तो त्रास किती दिवस चालू द्यायचा, एवढंच तुमच्या हाती आहे.

मात्र असा निर्णय एका वाईट रात्रीवरून घेऊ नये. घरात कॅलेंडर असतंच. रोज संध्याकाळी सगळ्यांनी मिळून खूण करायची. स्वतःहून खाल्लं का? पाणी प्यायला का? लघवीला उठला की तिथेच ओला पडून राहिला? झोपेत मिनिटाला श्वास किती? तो सतत 30 च्या वर गेला तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. दिवस बरा गेला तर बरोबर, नाही तर फुली. फुल्या जास्त होऊ लागल्या की वेळ आली. शेरू मोटरसायकलच्या आवाजाला फाटकापर्यंत फरफटत यायचा. पुढे नुसते कान हलवू लागला, मग तेही थांबलं. फुल्या मांडणारी आजीच होती, त्यामुळे तिला वेगळं पटवावं लागलं नाही. या काळात दुखतंय म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्रुफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि उरलीसुरली किडनीही जाते.

डॉक्टरांना आधीच विचारा: घरी याल का, आणि आधी गुंगीचं इंजेक्शन द्याल का? हा दुसरा प्रश्न सोडू नका. भूल न देता नुसतं स्नायू लुळे करणारं औषध दिलं तर जनावर शुद्धीत गुदमरतं. योग्य पद्धतीत गुंगी चढायला साधारण 5 ते 15 मिनिटं लागतात, मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. एक-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा आचका येतो, लघवी होते. हे ठाऊक नसलं की घरच्यांना वाटतं, जीव तडफडला. तसं नसतं, तेव्हा त्याला काही कळत नसतं. जवळ थांबायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण शेरूच्या डोक्याशी एक तरी ओळखीचा हात हवा.

खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा. उन्हाळ्यात आपली काळी जमीन दगडासारखी होते आणि त्या उन्हात देह ठेवून चालत नाही. खोली चार फूट, विहीर आणि बोअरपासून लांब. सुती चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. काळ्या मातीला भेगा पडतात, वास बाहेर येतो आणि दुसरी कुत्री उकरतात. औषधाचा अंश देहात असतो, खाणारं जनावरही मरतं. म्हणून माती थराथराने दाबून वर दगड रचा.

पाचवीतल्या पोराला ‘झोपवलं’ किंवा ‘गावाला पाठवलं’ सांगू नका. एक तर ते झोपेला घाबरतं, नाही तर वाट पाहत बसतं. शेरू आजारी होता, मेला, आता परत येणार नाही, असं सरळ सांगा आणि माती द्यायला त्याला सोबत घ्या.

गावात कोणी म्हणेल, कुत्र्यासाठी काय रडता. अशांसमोर मन मोकळं करू नका, घरात करा. ताटली, साखळी त्याच दिवशी टाकून देऊ नका. महिना उलटूनही कोणाची झोप-भूक परतली नाही तर पुन्हा या. नव्या पिल्लाचा विषय पोरानेच काढू द्या.