‘पण तुम्ही दिसलाच नाहीत’

दुचाकी प्रशिक्षकाला वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा तेवीस वर्षांचा. आधी तीन वर्षं मित्रांच्या गाड्या चालवायचा, दोन महिन्यांपूर्वी स्वतःची नवी मोटरसायकल घेतली. गेल्या आठवड्यात चौकात समोरून आलेली कार अचानक त्याच्या आडवी वळली आणि तो तिच्यावर आदळला. मनगट मोडलं, बाकी सुखरूप आहे. वेग पंचेचाळीसच्या आतच होता असं तो शपथेवर सांगतो. चूक कारवाल्याची, हे सगळ्यांनीच मान्य केलं. मग माझ्या मुलानं वेगळं काय करायला हवं होतं? – एक आई

उत्तर : ताई, मनगटावर निभावलं हे वाचून जीव भांड्यात पडला. आणि मुलावर विश्वास ठेवा. मोटरसायकलचे अपघात फक्त सुसाट पळवणाऱ्यांचेच होतात, ही समजूत खरी नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला आणि १९८१ साली अहवाल काढला. त्यात अपघाताआधीचा मधला वेग निघाला ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश अपघातांत समोरच्यानं मोटरसायकलची हक्काची वाट अडवली होती. धोका कळल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हातात जेमतेम दोन सेकंद होते. आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला अगदी लागू पडते : निम्म्याहून जास्त चालकांचा अनुभव जवळपास तीन वर्षांचा असला, तरी त्या विशिष्ट गाडीवर त्यांना पाच महिनेही झाले नव्हते. नव्या गाडीचा ब्रेक किती दाबल्यावर धरतो, हे हाताला कळायला वेळ लागतो.

मी बावीस वर्षं दुचाकी शिकवतोय, पण त्याआधी मीही असाच पडलोय. करड्या रंगाची कार वळण्यासाठी थांबली होती. चालकाचं तोंड माझ्याकडे होतं, चष्म्याच्या काचा चमकल्या. मी मनात म्हटलं, त्यानं मला पाहिलंय, आणि त्याच वेगात पुढे गेलो. कार वळली. मी उजवा पाय मागच्या ब्रेकवर सगळा जोर देऊन रोवला, मागचा टायर किंचाळला, गाडीचं शेपूट आडवं आलं आणि आम्ही दोघं घसरत तिच्या दारावर गेलो. गळपट्टीचं हाड मोडलं. तो माणूस माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला होता आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी बघितलं हो, खरंच बघितलं, पण तुम्ही दिसलाच नाहीत.”

तो खोटं बोलत नव्हता. चौकात चालकाची नजर कार आणि ट्रक शोधत असते. समोरून येणारी मोटरसायकल म्हणजे उभी अरुंद रेघ. कारच्या काचेशेजारच्या खांबाआड ती सहज लपते. शिवाय लहान वस्तू आहे त्याहून लांब वाटते, म्हणून ‘अजून वेळ आहे’ असं त्याला खरोखरच वाटतं.

म्हणून मुलाला सांगा, समोरच्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस, त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघ. माणूस कुठे बघतोय यावरून काहीच ठरत नाही. चाक फिरायला लागलं की मात्र गाडी येणारच. चौक जवळ आला की ॲक्सिलरेटर सोडायचा आणि दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर नेऊन ठेवायची. ताशी ४५ ला गाडी अर्ध्या सेकंदात सहा मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे कारच्या लांबीहून जास्त. बोटं आधीच जागेवर असली तर तेवढं अंतर वाचू शकतं. आणि वेग ४५ वरून ३५ वर आणला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारं अंतर जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटतं. दिवसाही हेडलाइट चालू ठेवू दे. मोठ्या गाडीच्या पाठीला चिकटून चौकात शिरू नको म्हणावं, तिच्या आड तो कोणालाच दिसत नाही.

गाडी विकू नका. मनगट बरं झालं की आधी आठवडाभर मोकळ्या मैदानात फक्त ब्रेक मारायला लावा. कसा, ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : मी चाळिशीत गाडी शिकतेय. माझा मोठा भाऊ सांगतो, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, माणूस हँडलवरून उडतो. खरं का? – एक शिकाऊ

उत्तर : तुमच्या दादांना काळजी आहे म्हणून ते सांगतात, पण हा सल्ला पाळू नका. माझं हाड याच सवयीनं मोडलं. हर्ट यांच्या अहवालातही हेच दिसलं : घाबरलेला चालक मागचा ब्रेक नको इतका दाबतो आणि पुढचा पुरेसा वापरतच नाही.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढचा टायर रस्त्याला घट्ट दाबला जातो, मागचा हलका होतो. हलका टायर लगेच लॉक होतो, म्हणजे फिरायचा थांबतो, आणि घसरतो. थांबवण्याची खरी ताकद पुढे आहे. पडायला होतं ते पुढचा ब्रेक वापरल्यामुळे नव्हे, तो झटक्यानं ओढल्यामुळे. वजन पुढे यायच्या आतच चाक अडकतं. आधी हलका दाब, वजन पुढे आल्याचं मनगटांना जाणवलं की मग जोर. मागचा ब्रेक सोबत, पण बेतानं.

कोरड्या, स्वच्छ, सपाट जागी ताशी वीसनं सुरुवात करा. हँडल सरळ, नजर लांब, गुडघ्यांनी टाकी धरलेली. एका खुणेपाशी ब्रेक लावायचा आणि कुठे थांबलात ते बघायचं. वीसला हात बसला की तीस. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर जोरात दाबल्यावर लिव्हर थरथरेल, घाबरून सोडू नका. एबीएस नसेल आणि पुढचं चाक अडकलं, तर क्षणभर सोडून पुन्हा दाबा. आणि वाळू, खडी, सांडलेलं डिझेल, ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं यांच्यावर पोचायच्या आधीच वेग कमी करा. त्यांच्यावर गेल्यावर कोणताच ब्रेक जोरात नको.

प्रश्न : सर, मी विशीतला आहे. घाटासारख्या वळणावर पुढेमागे कोणीही नव्हतं, तरी मी सरळ कठड्यावर गेलो. असं कसं झालं तेच कळत नाही.

उत्तर : मित्रा, तू कठड्याकडे बघत होतास. हा दोष नाही, भीती वाटली की डोळे तिथेच खिळतात, आणि गाडी डोळ्यांच्या मागे जाते. वळणात शिरण्याआधीच, गाडी सरळ असताना, वेग उतरव. मग हनुवटी फिरवून वळण जिथे संपतं तिथे बघ. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूची मूठ हलकेच पुढे ढकल, गाडी आपोआप त्या बाजूला कलते. वाचायला उलटं वाटेल, पण तीसच्या वेगात रिकाम्या जागी करून बघ, हाताला पटेल. वळणात वेग जास्त झाल्यासारखा वाटला तरी बहुतेक वेळा गाडी तुला वाटते त्याहून जास्त कलू शकते. हार मानून सरळ होऊ नकोस.

प्रश्न : कामाचं ठिकाण दहा मिनिटांवर आहे. एवढ्यासाठी हेल्मेट घालायचं का?

उत्तर : हो, रोज. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी झाल्याचं दिसलं. पण ते डोक्यावर राहिलं तरच. आज घरी एवढं करा : हेल्मेट घालून पट्टा लावा. पट्टा आणि हनुवटीमध्ये फार तर दोन बोटं शिरावीत. मग मान खाली घालून मागच्या कडेला हात लावा आणि पुढे ढकला. निघालं तर पट्टा घट्ट करा, तरीही निघालं तर एक माप लहान घ्या.