वाचक विचारतात : हस्तिदंतातला उमराव

प्रश्न : लीड्सला आमच्या शेजारच्या आजींनी घर बदलताना मला एक लंबगोल पदक भेट दिलं. तळहाताएवढं, पिवळसर पांढरं. त्यावर मोठा केसांचा टोप घातलेला एक इंग्रज उमराव आहे, चेहरा एका बाजूने. खांद्याखाली ‘डी. एल. एम.’ कोरलंय. हे खरं हस्तिदंत असेल का? साफ कसं करू? आणि पुण्याला घेऊन येता येईल का?
– एक वाचक, लीड्स

उत्तर : डी. एल. एम. म्हणजे डेव्हिड ल मार्शां. ही अक्षरं खरी असतील तर पदकावरचा उमराव कोण, याआधी कोरणाऱ्याची ओळख करून घ्या. माझं सगळं आयुष्य वस्तुसंग्रहालयातल्या हस्तिदंतावरची धूळ काढण्यात गेलं. उमरावांची नावं पाटीवर असतात, कारागिराचं नाव बहुतेक वेळा नसतंच, आणि याचं मला नेहमी वाईट वाटतं.

ल मार्शां १६७४ साली फ्रान्समधल्या द्येप बंदरात जन्मला. तिथे पश्चिम आफ्रिकेतून हस्तिदंत उतरायचं आणि गल्लोगल्ली कोरणारे होते. तो प्रॉटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंटांना दिलेली धर्मस्वातंत्र्याची हमी काढून घेतली आणि हजारो कुटुंबं देश सोडून गेली. १६९६ मध्ये हा एडिंबरामध्ये दिसतो. तिथे त्याने मॅकेन्झी घराण्यातल्या मंडळींच्या प्रतिमा कोरल्या, पुढे लंडनला गेला. ब्रिटिश म्युझियममधला न्यूटनचा हस्तिदंती अर्धपुतळा त्याचाच, १७१८ सालचा. इतकी मोठी माणसं त्याच्यासमोर बसली, तरी १७२६ मध्ये तो लंडनमध्ये गरिबीतच वारला.

आता तुमचं पदक. दिवसाच्या उजेडात, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन बसा. सुळा उभा चिरून फळी काढलेली असते, म्हणून पदकाच्या सपाट पाठीवर फक्त अस्पष्ट लाटांसारख्या रेषा दिसतील. खरी खूण वरच्या आणि खालच्या टोकाच्या कडेवर शोधा. तिथे सुळ्याचा आडवा छेद असतो आणि एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषांची जाळी दिसते. हाडात अशी जाळी नसते, बारीक काळे ठिपके असतात. राळेच्या साच्यात ओतलेल्या नकलेत हवेचे बुडबुडे सापडतात.

त्यानंतर टोप बघा. कारागीर तिथेच कळतो. खऱ्या कामात बटांच्या खालून हत्यार आत शिरलेलं असतं, बट मागच्या फळीपासून जवळजवळ सुटलेली असते. साच्यातून असं काढणं अवघड असतं, म्हणून नकलेत बटा बहुतेक वेळा फळीला चिकटलेल्या आणि बोथट असतात. अक्षरांच्या कडाही तपासा : कोरलेल्या धारदार, ओतलेल्या गोलसर.

तापलेली सुई टोचून पाहू नका, तसा सल्ला कोणी दिला तरी. पाणी, तेल, लिंबू, साबण काही नको. कोरडा मऊ ब्रश पुरे. रेडिएटरजवळ किंवा उन्हात ठेवलंत तर हस्तिदंत त्याच्या रेषांच्या दिशेने चिरतं. अगदी अंधाऱ्या डब्यात कायम ठेवलं तर पिवळं पडत जातं, तेव्हा मध्येमध्ये मंद उजेडात असू द्या.

पुण्याला आणण्याचा विचार सोडा. हस्तिदंत सीमेपार न्यायला आंतरराष्ट्रीय परवाने लागतात आणि भारतात त्याचा व्यापार पूर्ण बंद आहे. बॅगेत घालून आलात तर जप्ती आणि खटला दोन्ही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, मोजके अपवाद सोडून. भेट म्हणून मिळालेलं घरात ठेवायला मात्र बंदी नाही. आजींकडून ही भेट दिल्याचं दोन ओळींचं सही केलेलं पत्र आत्ताच घ्या, घराण्यात पदक कुठून आलं तेही त्यांना लिहायला सांगा. नंतर विचारायला त्या भेटतीलच असं नाही.

जवळच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयातल्या शिल्पविभागाला दाखवा. मला फोटो पाठवणार असाल तर तीन हवेत : टोपाचा तिरप्या उजेडातला, खालच्या कडेचा आणि अक्षरांचा.